मेंबरचा रोडगा

आळेफाट्यावर छत्तीस वर्षं ट्रकांखाली उताणं पडून काढल्यावर सयाजी मेस्त्रीला अभिमान वाटाव्या अशा दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक त्याचा कान आणि दुसरी म्हणजे त्यानं आपल्या कुत्र्यासाठी स्वतःच्या हातानं बनवलेला पट्टा.

कानाचं सांगायचं तर तो कान फाट्यावर नावाजलेला होता. गाडी गॅरेजच्या दारात आली की ड्रायव्हर खाली उतरून हे होतंय, ते होतंय असं सुरू करायचा. सयाजी त्याला हातानंच गप्प करायचा. "तू नगं बोलू. तिला बोलू दे." मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभा राहायचा. नाशिककडच्या एका ड्रायव्हरची गाडी तीन गॅरेजांनी उघडून पुन्हा बंद केली होती, तरी चढाला खडखड थांबत नव्हती. सयाजीनं गाडीत बसून अर्धा किलोमीटर चक्कर मारली आणि सीटखालून त्या ड्रायव्हरचाच जेवणाचा डबा काढून त्याच्या हातात दिला. आत चमचा होता. पुढं पंधरा वर्षं तो ड्रायव्हर फाट्यावर आला की चहा पाजल्याशिवाय हलायचा नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सयाजीनं गॅरेज सोडलं आणि वारूळवाडीच्या पलीकडं चिंचमळ्यात, आपल्या घरी येऊन राहिला. घरात तो आणि बायको अंजना. मुलगा चाकणला कंपनीत. आणि अंगणात मेंबर.

मेंबर हा तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा साधा गावठी कुत्रा. पिल्लू असताना ग्रामसभा चालू होती आणि हा टेबलाखाली जाऊन बसला, तेव्हापासून त्याचं नाव मेंबर पडलं. गावातल्या खऱ्या मेंबरांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली. पण सभेला सगळ्यांत आधी येणारा आणि सगळ्यांत शेवटी जाणारा हाच एक आहे म्हटल्यावर बिचारे बोलणार काय! मळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलीवर भुंकणं आणि उसाच्या ट्रॅक्टरला वेशीपर्यंत पोचवून येणं ही दोन कामं त्यानं स्वतःकडं घेतली होती, आणि ती तो इमानानं करत होता.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडं सूर्य कलला की लोक आधी पोरं घरात घेतात आणि मग कुत्री. उसात बिबट्या आहे, तो काही आता पाहुणा राहिलेला नाही. म्हणून कुत्र्याला संध्याकाळी लोखंडी पिंजऱ्यात घालतात आणि ज्याला जमेल तो त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतो. सयाजीनं तर पट्ट्यात आपली सगळी कारागिरी ओतली होती. ट्रकच्या जुन्या टायरची पट्टी, तिच्यावर पत्रा, पत्र्यावर बाहेर तोंड केलेले खिळे, एकेक नीट वेल्डिंग केलेला. आणि अडकवायला ट्रकच्या साखळीची एक भक्कम कडी. मेंबर चालला की ती कडी पत्र्यावर खण् खण् वाजायची. बघणारे म्हणायचे, "मेस्त्री, ह्याच्यापुढं बिबट्या काय, रणगाडा हटंल." सयाजी वरवर "त्यात काय एवढं" म्हणायचा आणि दिवसभर खूश असायचा.

आषाढात एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, सयाजीनं मेंबरच्या गळ्यात पट्टा घातला, त्याला पिंजऱ्यात ढकलला, आणि तेवढ्यात चाकणहून मुलाचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून सयाजी ओट्याच्या कोपऱ्यात गेला. कोयंडा लावायचा राहिला. बोलणं दोन मिनिटांचं, पण तेवढ्यात मागून कडीची खणखण ऐकू आली. अशी खणखण की देवळातली घंटा कुणी वेड्यासारखी बडवावी. बिबट्यानं मेंबरला मानेला धरून कुंपणापर्यंत ओढत नेलं होतं. खिळे तोंडात घुसले म्हणून त्यानं सोडलं आणि तो उसात गेला. मेंबरच्या खांद्याला अकरा टाके पडले.

पट्ट्यानं कुत्रा वाचवला, असं सगळा मळा म्हणाला. सहा जणांनी सयाजीकडून तसले पट्टे बनवून घेतले. पण सयाजीच्या मनात कोयंडा सलत होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. अंजनाला मात्र ते माहीत होतं.

टाके सुकले, केस उगवले, पण मेंबर काही अंगणाबाहेर पडेना. मोटरसायकल गेली तरी मान उचलेना. दुपारी तीन वाजले की आपण होऊन पिंजऱ्यात जायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. दोन भाकरी खाणारा कुत्रा अर्ध्या भाकरीवर आला. त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जखम कवाच भरलीय. भीती राहिलीय आत. तिच्यावर माझ्याकडं इंजेक्शन नाही. पण हे असंच चाललं तर उन्हाळा काही काढायचा नाही तो."

सयाजीनं आपल्या परीनं काळजी वाढवली. पिंजऱ्याला दुसरा कोयंडा बसवला. पूर्वी पट्टा फक्त संध्याकाळी घालायचा, आता तो रात्रंदिवस मेंबरच्या गळ्यात ठेवला. एकदा चुकलो, पुन्हा चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलंच होतं.

अशात चंपाषष्ठी आली.

सयाजीच्या घराण्याचा खंडोबा घोडखुरीच्या टेकडीवर आहे. टेकडी घरापासून दोन किलोमीटर. माथ्यावर कातळात देवाच्या घोड्याचा खूर उमटलाय म्हणतात, म्हणून घोडखुरी. मधे तिथं वनउद्यान झालं, चांगली पायवाट झाली, पायऱ्या आल्या, बाकं आली, फाटकावर पाटी लागली. रविवारी पुण्याचे लोक बूट घालून कुत्री घेऊन फिरायला येतात. त्यांना कुत्र्यासह हिंडायला जागा मिळाली याचं कोण कौतुक! सयाजीच्या घरात मात्र तीन पिढ्या उलटा कायदा होता. घोडखुरीवर कुत्र्याशिवाय जायचंच नाही. आषाढी एकादशीपासून घरात वांगं आणि कांदा बंद. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात घेऊन वर जायचं, तळी उचलायची आणि पहिला रोडगा घरच्या कुत्र्याला घालायचा. त्यानं खाल्ला की मग माणसांनी तोंड लावायचं.

आदल्या दिवशी भाचा ऋतिक मोटारीतून आला. त्याचं वारूळवाडीला मोबाइलचं दुकान आणि घरात ब्रुनो नावाचा लॅब्राडोर. रंग पेढ्यासारखा आणि अंगही मिठाई खाऊनच कमावलेलं.

"मामा, मेंबरला कशाला तरास देता? ब्रुनोला नेऊ की. त्यो बी घरचाच हाय."

"तुझ्या घरचा हाय, माझ्या न्हाई."

"अवो, कुनाचा बी कुत्रा चालतोय," अंजना म्हणाली. "द्येव काय रेशनकार्ड बघनार हाय का?"

"द्येव बघू दे न्हाईतर न बघू दे," सयाजी म्हणाला. "मेंबर आला न्हाई तर मी बी जानार न्हाई."

म्हातारा देवावर रुसलेला नाही, स्वतःवर रुसलाय हे अंजनाला कळत होतं. तिनं फक्त चार रोडगे जास्त थापले.

सकाळी आठला थंडी अजून उतरलेली नव्हती. अंजनानं टोपली डोक्यावर घेतली, ऋतिक ब्रुनोला घेऊन हजर झाला. मेंबरला फाटकापर्यंत आणला, पण उंबरा आल्यासारखा तो तिथंच बसला. ओढावं तर मान वाकडी करतो, उचलावं तर खिळे टोचतात. शेवटी सयाजीनं गोठ्यामागून शेण वाहायची एकचाकी ढकलगाडी काढली, तिच्यात पोतं अंथरलं, पाठीमागून अलगद धरून मेंबरला आत बसवलं आणि निघाला. मेंबर कानांसकट अंग चोरून बसलेला, गाडीचं चाक कुई कुई करतंय, आणि पाठीमागं आपल्या चार पायांनी ऐटीत चालणारा ब्रुनो.

कालव्याच्या कडेला गेणभाऊ कांद्याच्या रोपांना पाणी देत होता. त्यानं खोरं टेकवलं.

"काय मेस्त्री, मेंबर निवडून आला काय? मिरवनूक काढली ती!"

"बिनविरोध," सयाजी म्हणाला. पण त्याला हसू आलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी पाटी होती : कुत्र्यांना पट्टा बांधूनच आत न्यावे. "बघा, हितं बी तुमच्या पट्ट्याला मान हाय," ऋतिक म्हणाला. ढकलगाडी तिथल्या बाभळीखाली लावली. मेंबर खाली उतरला, उभ्या उभ्या थरथरला. चार पायऱ्या चढला, बसला. सयाजीनं चुचकारलं, तो पुन्हा तीन पायऱ्या चढला, पुन्हा पोट जमिनीला लावून बसला. असं करत वीस पायऱ्या व्हायला पंधरा मिनिटं लागली. खालून पिवळा भंडारा लावलेली माणसं येत होती आणि पुढं जात होती. ऋतिक आणि ब्रुनोही पुढं गेले.

सयाजीचा धीर सुटला. "ऊठ की रं! काय व्हतंय तुला? ऊठ!" तो एवढ्या जोरात ओरडला की मेंबरनं डोकंच पायात घातलं.

"अवो, त्याच्यावं का वरडता?" अंजनानं टोपली बाकावर ठेवली. "बसा गप जरा. दम खावा दोघं बी."

सयाजी बसला. तोंड दुसरीकडं केलं. आपण ओरडलो याची त्याला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. पायऱ्यांच्या त्या वळणावर घटकाभर कुणी नव्हतं. खाली हायवेवरून ट्रक चढाला लागत होते, त्यांचा आवाज एवढ्या लांबूनही येत होता. सवयीनं सयाजीनं डोळे मिटले. एकाचा सायलेन्सर फाटलाय. दुसऱ्याचा ड्रायव्हर गिअर उशिरा टाकतोय. हे आपोआप चालू असताना पायाशी मेंबरनं मान खाजवायला मागचा पाय उचलला.

खण्.

आणि पाय मधेच थांबला. मेंबर जमिनीला चिकटला.

सयाजीनं डोळे उघडले. थोडा वेळ गेला. मेंबरनं हळूच डोकं वर उचललं, कडी पत्र्याला लागली. खण्. मेंबर पुन्हा खाली.

"अंजना, बोलू नगं," सयाजी म्हणाला. अंजना बोलत नव्हतीच.

तो गुडघ्यावर बसला. कडी मुठीत गच्च आवळून धरली, म्हणजे ती वाजणार नाही. "चल," म्हणाला. मेंबर उठला. एक पायरी, दोन, तीन, चार, पाच. सयाजी त्याच्या शेजारून ओणवा, कुरकुरत्या गुडघ्यांनी चढतोय. सहाव्या पायरीला त्यानं मूठ सोडली. खण्. मेंबर बसला.

पुन्हा मूठ आवळली, मेंबर उठला. पुन्हा सोडली, बसला. तीन वेळा केलं. छत्तीस वर्षांत एवढा साधा बिघाड सापडायला त्याला पाच महिने कधी लागले नव्हते.

"आगं, ही कडी," सयाजी म्हणाला. "त्या दिशी हीच वाजत व्हती. बिबट्यानं धरला तवा. मी बी ऐकली व्हती की! आन् मीच ती ह्याच्या गळ्यात बांधून ठेवली, दिवस न्हाई, रात न्हाई. मान हालली की त्याला वाटतंय, आला. पाच म्हैने, अंजना. पाच म्हैने मी त्याला त्याच सांजंला बांधून घातला."

अंजनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी मुद्दाम केलं का? काढा आता."

"आन् बिबट्या?"

"भरदिवसा, एवढ्या मानसांत? काढा म्हनते ना."

सयाजीनं कडी सोडवली. पट्टा निघाला तेव्हा खाली केस दबून मानेभोवती फिकी रेघ उमटलेली दिसली. तिच्यावरून त्यानं बोटं फिरवली. नंतर पट्टा अंजनाच्या फडक्यात घट्ट गुंडाळून टोपलीत रोडग्यांच्या खाली घातला. पाटीचा मान राखायला आपलं उपरणं मेंबरच्या गळ्यात सैल बांधलं आणि टोक हातात धरलं.

मेंबर क्षणभर तसाच उभा राहिला. मान डावीकडं केली. काही वाजलं नाही. उजवीकडं केली, तरी नाही. मग नाकापासून शेपटीपर्यंत असं काही अंग झाडलं की पडलेला कानसुद्धा फटाफट वाजला. पाच महिन्यांत त्यानं अंग झाडलं नव्हतं. पुढं जाऊन त्यानं वनउद्यानाच्या एका खांबाचा नीट वास घेतला आणि तंगडी वर केली.

"आरं, सरकारी हाय ते!" सयाजी म्हणाला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

त्यानंतर सयाजीनं मेंबरला नेलं नाही, मेंबरनं सयाजीला नेलं. प्रत्येक झुडपाशी थांबा, प्रत्येक बाकाखाली चौकशी. पाच महिन्यांच्या वासांची थकबाकी होती ना! करवंदीच्या जाळीतून लावे उडाले तसं त्यानं एकदा भुंकून पाहिलं. आवाज फाटलेला निघाला. दुसऱ्यांदा जरा बरा निघाला. वाटेत एका बाकाशेजारी ब्रुनो जीभ बाहेर काढून आडवा पडला होता आणि ऋतिक त्याला बाटलीनं पाणी पाजत होता. मेंबरनं त्याला वळसा घातला, एकदा हुंगलं आणि पुढं निघून गेला.

माथ्यावर वारा होता. खाली येडगावच्या धरणाचं पाणी, त्याच्या अलीकडं द्राक्षांच्या बागा, नुकत्याच लावलेल्या कांद्याचे वाफे, पलीकडं नारायणगड, आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या पांढऱ्या थाळ्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. सयाजी दरवर्षी हे बघायचा, पण या वर्षी त्याला ते जरा जास्तच आवडलं. पाच जणांनी मिळून तळी उचलली, "सदानंदाचा येळकोट" झाला, भंडारा उधळला. मेंबरच्या तांबूस पाठीवर पिवळा पट्टा उमटला.

मग पळसाच्या पानावर रोडगा आला, त्यावर भरीत आणि पात. सयाजीनं पान मेंबरपुढं ठेवलं. खरं सांगायचं तर त्यानं घरूनच ठरवून ठेवलं होतं की कुत्र्यानं नुसतं हुंगलं तरी "खाल्ला, खाल्ला" म्हणून मोकळं व्हायचं. देवाशी एवढी लबाडी चालंल. पण आता त्याला ती लबाडी नको होती. तो उकिडवा बसून बघत राहिला. बाकीची उपाशी माणसंही बघत राहिली.

मेंबरनं रोडगा हुंगला. सयाजीकडं पाहिलं. परत हुंगला. कडेचा एक तुकडा तोडून चावला, आणि मग जो काही तुटून पडला, तो रोडगा संपवून, भरीत संपवून, पान चाटून, पान उलटं करून खालची बाजूसुद्धा चाटूनच थांबला. कांद्याची पात तेवढी बाजूला राहिली. अंजनानं दुसरा रोडगा टाकला, तोही गेला. तिसरा टाकला.

"मामी, आमाला ठिवा की," ऋतिक म्हणाला.

"तुला हायेत. तू खातूसच की रोज," अंजना म्हणाली. तिनं टोपलीत डोकं घालून उगीचच भांडी हलवली.

सयाजीनं त्या दिवशी भरिताबरोबर तीन रोडगे खाल्ले. पाच महिन्यांनी वांगं तोंडात आलं म्हणूनही असेल, पण असं भरीत आपण जन्मात खाल्लं नाही, असं तो अंजनाला दोनदा म्हणाला. ती म्हणाली, "दरवर्साला म्हनता."

उतरताना मेंबर सगळ्यांच्या पुढं. पायथ्याशी ढकलगाडी बाभळीखाली उभी होती. ब्रुनोनं ती पाहिली, पुढचे दोन पाय आत टाकले आणि ऋतिककडं बघायला लागला. तो मोटारीतल्या गादीवर वाढलेला जीव, त्याचे पाय पार गळाले होते. ऋतिकनं मागून रेटा दिला, ब्रुनो पोत्यावर पसरला. परत येताना कालव्यावर गेणभाऊनं पुन्हा खोरं टेकवलं.

"आरं, गाडीतला मेंबर बदलला की!"

"त्यो राजीनामा दिऊन चालत निगाला," सयाजी म्हणाला, आणि या वेळी तो पोटभर हसला.

घरी आल्यावर सयाजी आडवा झाला नाही. फडक्यातून पट्टा काढला, करवतीनं ती भक्कम कडी कापून टाकली आणि तिच्या जागी जाड चामड्याची वादी बसवली. पत्र्याच्या कडेनं ट्यूबचं रबर शिवलं. मग पट्टा कानाशी धरून हलवला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून तो खिळ्यांसकट स्वतःच्याच गळ्यात घातला आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

"ऐकू येतंय का काई?"

अंजना ज्वारी निवडत होती. तिनं मान वर करून त्या ध्यानाकडं पाहिलं. "न्हाई. पन काडा आदी, कुनी बगंल."

ऊन कलायला लागलं. इतके दिवस तीन वाजता आपण होऊन पिंजऱ्यात जाणारा मेंबर आज पाच वाजून गेले तरी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होता. उसानं भरलेला ट्रॅक्टर मळ्यातून निघाला होता आणि त्याला वेशीपर्यंत पोचवायचं काम पाच महिने तुंबलं होतं.

"मेंबर!" सयाजीनं हाक मारली. मेंबरनं कान हलवला आणि तो ट्रॅक्टरवर भुंकला.

"मेंबर, चल घरात!" दुसरी हाक. मेंबर ट्रॅक्टरमागं चार पावलं धावलासुद्धा.

"बगा, लई माजलंय," अंजना म्हणाली. "ऐकत न्हाई आता."

"न्हाई ऐकत," सयाजी म्हणाला. आपलं कुणी ऐकत नाही याचा एवढा आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता. त्यानं पट्टा हातात घेतला, चपला सरकवल्या आणि त्याला आणायला तो रस्त्यावर गेला. आणल्यावर पट्टा बांधला, मेंबरनं एकदा मान हलवून पाहिली आणि तो पिंजऱ्यात जाऊन पाय पसरून झोपला. सयाजीनं दोन्ही कोयंडे लावले. ओट्यावर फोन वाजत होता. त्यानं तो वाजू दिला आणि कोयंडे पुन्हा एकदा हातानं ओढून पाहिले.